भौतिकशास्त्र मुख्य, तंबोरा गौण

"निगुडकरजी, आपके घर में हारमोनियम है ना?"

प्राचार्य तिवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून हे विचारलं तेव्हा मला वाटलं, स्नेहसंमेलनासाठी पेटी हवी असेल. मी म्हटलं, "है, मॅडम." खोटं नव्हतं. आमच्या घरी पेटी आहे. सौभाग्यवतीच्या माहेरून आली, आणि तेव्हापासून तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. पण हा तपशील माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आत मॅडमची सही होऊन गेली होती. "बस, तो आप ही को-ऑर्डिनेटर!"

इंदूरच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना नवं शैक्षणिक धोरण आलं आणि मुलांना एकाच पदवीत दोन दूरदूरचे विषय घेता येऊ लागले. एक मुख्य, त्याला म्हणायचं मेजर. दुसरा गौण, तो मायनर. आमच्या कॉलेजनं उत्साहाच्या भरात भौतिकशास्त्र मेजर आणि संगीत मायनर अशी जोडी जाहीर केली. ती चालवायची कुणी, तर मी.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जन्माचा बेसूर आहे. राष्ट्रगीत सुरू झालं की माझ्या शेजारचा माणूस सावधान स्थितीतच हळूहळू लांब सरकतो. दोन सूर ऐकवले तर त्यातला वरचा कुठला हे मला सांगता येत नाही. ध्वनी हा धडा मात्र मी फार चांगला शिकवायचो. त्यात काही विरोध आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी तीन जण आले. त्यातला एक दिवाळीनंतर बी.कॉम.ला पळाला. राहिले दोघं. एक ऋषभ, परदेशीपुऱ्याचा. त्याच्या घरचा डीजेचा धंदा. वरातीपुढे जे भिंतीएवढे स्पीकर चालतात ते यांचे. संगीत म्हणजे तेच शिकवणार या समजुतीनं तो आला होता. पहिल्याच दिवशी त्याला तंबोऱ्यापुढे मांडी घालून बसवलं, तर बाहेर येऊन मला म्हणाला, "सर, इसमें बेस का बटन किधर है?"

दुसरी गार्गी जगदाळे, महूची. तिच्या घराण्यात संस्थानाच्या फौजेपासून सगळे शिपाईगडी. वडील निवृत्त सुभेदार. ते प्रवेशाच्या दिवशी माझ्या टेबलासमोर असे बसले की मीच पाठ ताठ केली.

"सर, मी सीधी बात करतो," सुभेदार म्हणाले. "ह्यात मेजर कोण?"

"भौतिकशास्त्र."

"आणि मायनर?"

"संगीत."

"मेजरला मायनरचं ऐकावं लागतं का?"

"नाही, तसं काही नाही."

"मग ठीक." पण ते उठले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "आमच्याकडे बँडवाला वेगळा असतो आणि तोफखान्याचा वेगळा. तुम्ही एकाच पोरीच्या हातात दोन्ही देताय. ऐन वेळी ती काय वाजवणार?"

गार्गी शेजारी बसून जमिनीकडे बघत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "बाबा, तोफेचाही आवाजच असतो."

सुभेदारांनी परवानगी दिली, पण अट घालून. फिजिक्सचे मार्क घसरले की गाणं बंद. पदवी झाली की बँकेच्या परीक्षेचा क्लास, तो त्यांनी आतापासूनच बघून ठेवला होता. आणि दर महिन्याला ते मला फोन करणार. त्यांनी तो केलाही, न चुकता. पलीकडून फक्त एवढंच यायचं, "निगुडकर सर, रिपोर्ट?" मी अभावितपणे उभा राहून बोलायचो.

संगीत शिकवायला सुलभाताई होत्या. माझ्याच वयाच्या, त्याच कॉलेजात तितकीच वर्षं काढलेल्या, आणि इतक्या काळात आमचं बोलणं झालं होतं ते जिन्यात नमस्कारापुरतं. संगीताचा वर्ग आणि माझी प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत. पूर्वी त्यांचे वर्ग सकाळी आणि आमची प्रॅक्टिकल्स दुपारी असत, म्हणून भिंत टिकून होती. आता दोन विषयांची मुलं एकच झाल्यावर वेळापत्रक कालवलं गेलं. मी मोठ्या चतुराईनं संगीत दुपारी घातलं. सुलभाताई तो कागद घेऊन आल्या.

"निगुडकर, सकाळचा राग तोडी, तो मी दुपारी दोनला शिकवू?"

"का? काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. सकाळी सकाळी पोहे-जिलबीच्या दुकानात जाऊन कुणी सूप मागावं, तसं काहीतरी मी बोललो होतो. शेवटी तोड निघाली. ताई दुपारी भीमपलास वगैरे दुपारचे राग घेणार, सकाळचे राग सकाळीच होणार, आणि त्यासाठी माझं विजेचं प्रॅक्टिकल तबल्याच्या तासाला समांतर जाणार.

तिथे नवीन घोटाळा झाला. आमच्याकडे एक जुनं उपकरण आहे. त्यात आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर पडतो, आणि तो किती सरकला यावरून विजेचा प्रवाह मोजतात. ठिपका स्थिर हवा. पलीकडे तीनताल सुरू झाला की हा ठिपका नाचायला लागायचा. मुलं मापन सोडून त्याच्याकडे बघत बसायची. एकदा पलीकडे जोरदार तिहाई घेतली आणि ठिपका बरोबर समेवर येऊन थांबला. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या तबलजींना वाटलं आपल्याला दाद मिळाली. त्यांनी आणखी एक घेतली.

पण खरं युद्ध पेटलं ते ऋषभमुळे. त्यानं फोनवर सूर मोजणारं एक ॲप घेतलं होतं. सुलभाताई गात असताना त्यानं फोन पुढे धरला आणि भर वर्गात म्हणाला, "मॅडमजी, आपका गंधार थोड़ा नीचे आ रिया है."

ताई तरातरा प्रयोगशाळेत आल्या. "तुमची मुलं माझा गंधार मोजतात! माझ्या गुरूंनी ह्या एका सुरावर मला महिनोन् महिने बसवलं. आणि तो मुलगा मला लाल दिवा दाखवतो!"

ऋषभ मागे फोन लपवून उभा होता. मी त्याला फोन मागितला, सेटिंग पाहिलं आणि ताईंना बसायला सांगितलं. फळ्यावर दोन आकडे लिहिले. पेटीचे सूर सोयीसाठी सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार किंचित चढा येतो. तंबोऱ्यावर गाणारा माणूस गंधार लावतो तो षड्जाशी पाचास चार या साध्या गुणोत्तरात, आणि तो पेटीपेक्षा थोडा खालीच असतो. हे ॲप पेटीच्या हिशेबानं चालत होतं.

"म्हणजे?" ताई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही बरोबर. अगदी जिथं हवा तिथंच तुमचा गंधार आहे."

"आणि पेटी चूक?"

"चूक असं नाही, तडजोड आहे ती."

"चूकच म्हणा ना," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "निगुडकर, इतकी वर्षं शेजारी राहून हे बोलला नाहीत! तुम्हाला हा फरक कळत होता?"

"सिद्ध करता येतो."

"ते नव्हे. ऐकू येतो का?" त्यांनी तिथेच एक सूर लावला, मग दुसरा. "यातला वरचा कुठला?"

मी सांगितलं. ऋषभनं तोंड फिरवलं. गार्गी वही चाळायला लागली.

"अहो," सुलभाताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही ध्वनी शिकवता ना?"

त्या दिवसापासून ताई माझ्याशी फार प्रेमानं वागू लागल्या, आजारी माणसाशी वागावं तशा.

यातून मला थोडं बाहेर काढलं ते गार्गीनं. सोनोमीटरचं प्रॅक्टिकल होतं. लाकडी खोक्यावर ताणलेली एक तार; तिची लांबी कमीजास्त करून ती ट्यूनिंग फोर्कच्या सुराशी जुळवायची. जुळली हे कळावं म्हणून तारेवर कागदाचा एक कपटा बसवतात. सूर जुळला की तो टुणकन उडून पडतो. माझ्यासारख्यांसाठीच कुणीतरी काढलेली युक्ती. गार्गीच्या तारेवर कपटा नव्हता आणि वहीत मात्र सगळी रीडिंग्ज लिहून तयार.

"ही कुठून आणली?"

"ऐकून लिहिली, सर."

मला ते पटलं नाही. मी जरा चढ्या आवाजातच तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिनं फोर्क वाजवला, तार छेडली, लांबी सरकवली आणि माझ्या समाधानासाठी वर कपटा ठेवला. कपटा उडाला तो थेट माझ्या चष्म्यावर.

मग तिनं तार मुद्दाम किंचित बिघडवली आणि दोन्ही एकत्र वाजवलं. "सर, सूर जाऊ द्या. हा डोल ऐकू येतो?"

येत होता! आवाज वाढत होता, कमी होत होता, पुन्हा वाढत होता. वांव, वांव, वांव. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. दोन सूर जवळजवळ सारखे पण पुरते सारखे नसले की आवाज असा हेलकावे खातो. याचं सूत्र मी असंख्य वेळा फळ्यावर लिहिलं होतं, पण कान देऊन कधी थांबलोच नव्हतो. गार्गीनं तार हळूहळू जुळवत नेली. डोल संथ झाला, आणखी संथ झाला, आणि विरून गेला.

"जुळला," मी म्हटलं.

"तुम्हीच सांगितलं, सर," गार्गी म्हणाली.

घरी जाऊन मी इस्त्रीचे कपडे खाली ठेवले आणि पेटी उघडली. भात्याला उंदरानं भोक पाडलं होतं. सौभाग्यवती म्हणाली, "आता ह्या वयात नका, भिया." ती चिडली की मला, सगळं इंदूर एकमेकांना म्हणतं तसं, भियाच म्हणते.

शेवटच्या वर्षी गार्गीनं प्रकल्पाला विषय घेतला तंबोऱ्याची जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिथं तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की आवाज एकदम खुलतो, भरून येतो. त्याला जवारी लागली असं म्हणतात. तो धागा नक्की काय करतो, हे गार्गीला मोजायचं होतं. आमच्या विभागातले काही जण म्हणाले, हे भौतिकशास्त्र नाही. संगीत विभागातले म्हणाले, हे संगीत नाही. सुलभाताईंनी मात्र स्वतःचा मिरजेचा तंबोरा दिला. रोज तो प्रयोगशाळेत आणताना त्या स्वतः पुढे चालत आणि ऋषभ मागून तंबोरा सांभाळत येई. टेबलावर आधी रजई पसरली जाई. एकदा मी जवळ पक्कड ठेवली, तर ताईंनी ती उचलून खिडकीबाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवली.

मोजमापाच्या त्या दिवसांत तंबोरा धरायला कुणीतरी लागे. गार्गी मायक्रोफोनपाशी, ऋषभ लॅपटॉपपाशी. राहिलो मी. मधल्या दोन तारा एकाच सुरात असतात, त्यांना जोड म्हणतात. डोल थांबेपर्यंत एकीत ओवलेला, सूर किंचित चढवणारा-उतरवणारा मणी सरकवायचा, हे काम मला जमायला लागलं. ताई दारातून बघायच्या आणि निघून जायच्या.

परीक्षा मे महिन्यात आली. दोन बहिःस्थ परीक्षक होते. भोपाळहून सक्सेनासाहेब भौतिकशास्त्राचे, उज्जैनहून एक वृद्ध पंडितजी संगीताचे. दोघांना एकाच खोलीत एकाच मुलीची परीक्षा घ्यायची होती आणि दोघांनाही ते आवडलेलं नव्हतं. त्यातच पंडितजींनी फर्मावलं, "गुरु सामने बैठेंगी तो ये उनकी आँख देखकर गाएगी." सुलभाताईंना बाहेर जावं लागलं. त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. तिथं सुभेदारसाहेब सकाळपासूनच बसले होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टाय लावून.

ताई बाहेर गेल्या आणि तंबोरा लावताना जोडीची एक तार तुटली. टण्ण असा आवाज झाला. व्हरांड्यातून ताईंचा आवाज आला, "कोणती गेली?"

ऋषभनं गाडी काढली आणि कृष्णपुऱ्याच्या बाजूच्या दुकानातून नवी तार आणली. पण नवी तार लगेच ठरत नाही. ती ताणत जाते आणि सूर खाली उतरत राहतो. जुन्या तारेपर्यंत आणावी, तर थोड्या वेळात पुन्हा ढिली. गार्गीच्या कपाळावर घाम आला. बोलायचं तिला, गायचं तिला, आणि वाजवता वाजवता तार सावरायची कुणी?

"सर, तुम्ही बसा," ती म्हणाली.

"मी?"

"सूर नका बघू. डोल बघा."

मी बसलो. मायक्रोफोनमध्ये घरघर येते म्हणून पंखे बंद, म्हणून दारं-खिडक्या उघडी. माझा चष्मा घामानं नाकावरून घसरत होता आणि दोन्ही हात गुंतलेले. डोल आला की मणी सरकवायचा, डोल थांबला की वाजवत राहायचं. गार्गीनं आलाप सुरू केला. तिनं काय गायलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी फक्त दोन तारांच्या भांडणाकडे लक्ष देऊन होतो.

गाणं झाल्यावर तिनं पडद्यावर आलेख दाखवले. धागा नसताना तारेचा आवाज असा, धागा असताना असा. सक्सेनासाहेब पुढे झुकले. "इसमें त्रुटि कितनी मानी है?"

पंडितजींना जरा कमी ऐकू यायचं. "श्रुति? बाईस," ते ठामपणे म्हणाले.

"बाईस प्रतिशत!" सक्सेनासाहेब दचकले. "ये तो बहुत ज़्यादा है."

"ज़्यादा कैसे? शास्त्र में बाईस ही लिखी हैं. आप कम करेंगे?"

"मापन में त्रुटि तो कम ही करनी पड़ेगी, पंडितजी."

"आप होते कौन हैं श्रुति कम करनेवाले?"

पंडितजी उठून उभे राहिले. माझ्या मांडीवर ताईंचा तंबोरा, तो सोडून मला उठता येईना. शेवटी गार्गी दोघांच्या मध्ये आली आणि शांतपणे म्हणाली, "सर मोजण्यातली चूक विचारतायत, पंडितजी सप्तकातल्या श्रुती सांगतायत. दोन्ही वेगळं आहे." मग तिनं दोघांना दोन्ही नीट समजावून सांगितलं, हिंदीत, न अडखळता. सक्सेनासाहेब विचारायला लागले की श्रुती बावीसच का. पंडितजी विचारायला लागले की तो उंच वर गेलेला शेंडा कशाचा. त्यानंतर आम्हा कुणाकडे त्या दोघांचं लक्ष नव्हतं.

निघताना पंडितजी माझ्यापाशी थांबले. "नया तार था, फिर भी जोड़ हिलने नहीं दिया आपने. कान अच्छा पाया है."

दाराआड सुलभाताई होत्या. त्या हसू दाबायला तोंडाला पदर लावून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या.

सुभेदार मात्र जागचे हलले नव्हते. गार्गी बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. निकालाचं त्यांनी विचारलं नाही. फार वेळ मनात घोळवलेली गोष्ट बोलावी तसं म्हणाले, "त्या तंबोऱ्याला तारा किती?"

"चार."

"मी पण चारच मोजल्या. पण आत पाचवं कोणीतरी होतं. तू थांबलीस तरी ते गातच होतं. बारीक, वरच्या अंगाला. आधी वाटलं तूच. ते कोण?"

गार्गीचे डोळे भरले होते. मीच लॅपटॉप आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पडद्यावरचा एक शेंडा दाखवला. सगळ्यात जाड तार खर्जाची. तिच्या पोटात इतरही अनेक सूर असतात. तार चांगली लागली, जवारी जमली, की त्यातला एक आपणहून वर येतो. त्याची तार नसते, तो कुणी वाजवत नाही. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

"हाच?" सुभेदारांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हाच."

"आणि हा वर का येतो, ते हिनं शोधलं?"

"थोडंसं, बाबा," गार्गी म्हणाली. "धागा सरकवला की तो कमीजास्त होतो, एवढंच दाखवता आलं. बाकीचं कळायला पुढं शिकावं लागेल. तसं शिकवणारी संस्था दक्षिणेत आहे."

सुभेदारांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी, तंबोरा असावा तसा, मला परत दिला. "बँकेच्या क्लासवाल्यांना मी सांगतो," ते म्हणाले. "चल, बस निघून जाईल."

गार्गी दक्षिणेत गेली, ध्वनिशास्त्र शिकतेय. ऋषभ लग्नाच्या हॉलमध्ये आवाज घुमू नये म्हणून पडदे कुठे लावायचे ते सांगत फिरतो, आणि त्याच्या घरचे स्पीकर पूर्वीइतकेच मोठे आहेत. आमच्या जोडविषयाला दर वर्षी चार-दोन मुलं येतात. को-ऑर्डिनेटर आता दुसरे आहेत. त्यांच्या घरी बासरी होती.

मला एकच रुखरुख आहे. तो गंधार मी पडद्यावर किती वेळा पाहिला. त्याचं गुणोत्तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. महूच्या सुभेदारांना तो व्हरांड्यात बसून, काही माहीत नसताना ऐकू आला. मी तंबोऱ्याला कान लावून बसलो होतो, मला आला नाही.

निवृत्तीनंतर मी दर गुरुवारी सुलभाताईंकडे जातो. त्या चहा टाकतात, मी तंबोरा लावतो. जोड जुळते, डोल थांबतो. मग ताई खुंटीवरून हात फिरवून बाकीच्या तारा ठीक करतात, थोडा वेळ वाजवतात आणि विचारतात, "आला ऐकू?"

"नाही."

"बसा मग अजून थोडं," त्या म्हणतात.